स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपक : एका पराभूत तत्त्वाचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा विजेत्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जे साधन बाजारात टिकले ते गुणांनी श्रेष्ठ होते आणि जे मागे पडले ते सदोष होते, असे गृहीत धरूनच आपण पाठ्यपुस्तकांतील यंत्रांकडे पाहतो. ध्वनिक्षेपकाचे, म्हणजे लाऊडस्पीकरचे उदाहरण घेतले तर आज जगातील जवळजवळ प्रत्येक ध्वनिक्षेपक हा चुंबक, त्याच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला जोडलेला शंकू अशा रचनेचा असतो. सभामंडपातील भोंगा असो, दूरचित्रवाणी संच असो अथवा खिशातील भ्रमणध्वनी असो, मूळ तत्त्व तेच. भौतिकशास्त्राच्या वर्गात ‘ध्वनिक्षेपकाचे कार्य’ या शीर्षकाखाली याच एका रचनेची आकृती काढली जाते.

परंतु या रचनेच्या आधीपासून अस्तित्वात असलेले आणि तत्त्वतः तिच्याहून अधिक शुद्ध ध्वनी देऊ शकणारे एक साधन आहे. ते म्हणजे स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपक. त्यात चुंबक नाही, वेटोळे नाही, शंकूही नाही. दोन सच्छिद्र पट्टिकांच्या मध्ये ताणून बसवलेला, विद्युत् भारित असा एक अतिशय पातळ पापुद्रा स्वतःच हलतो आणि हवेला हलवतो. हे साधन कसे जन्मले, दीर्घकाळ का रखडले, १९५७ साली ते यशस्वी होऊनही सर्वत्र का पसरले नाही, आणि ज्या तत्त्वाचा ध्वनिक्षेपकाच्या क्षेत्रात पराभव झाला त्याच तत्त्वाने मायक्रोफोनच्या क्षेत्रात विजय कसा मिळवला, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. एखाद्या शोधाचे यशापयश कशावर ठरते, हा या विवेचनामागील मूळ प्रश्न आहे.

बोलणारे धारित्र

दोन धातूच्या पट्टिका एकमेकींपासून अल्प अंतरावर ठेवून त्यांना विद्युत् दाब दिला की त्यांवर विरुद्ध भार साठतात व त्या एकमेकींना आकर्षित करतात. हेच धारित्र होय. दाब बदलला की आकर्षण बदलते. पट्टिकांपैकी एक लवचीक असेल तर ती हलते, आणि दाबातील बदल पुरेशा वेगाने होत असतील तर त्या हालचालीतून ध्वनी निर्माण होतो. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८६३ मध्ये धारित्रातील भार सोडताना निर्माण होणाऱ्या ध्वनीची नोंद केली होती. १८७० मध्ये क्रॉमवेल व्हार्ली या ब्रिटिश तारायंत्र अभियंत्याने धारित्राचा ध्वनिनिर्मितीसाठी उपयोग करण्याची कल्पना पेटंटमध्ये मांडली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या दूरध्वनीचे पेटंट १८७६ चे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या तत्त्वाचे प्राचीनत्व ध्यानात येते.

या तत्त्वाला व्यवहारात आणण्याचा पहिला गंभीर प्रयत्न एका महाविद्यालयीन प्राध्यापकाने केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील टफ्ट्स कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे एमोस डॉल्बेअर (१८३७–१९१०) हे ते गृहस्थ. रातकिड्यांच्या आवाजाच्या वेगावरून हवेचे तापमान काढण्याचे त्यांचे १८९७ चे सूत्र आजही ‘डॉल्बेअरचा नियम’ म्हणून सांगितले जाते. डॉल्बेअर यांनी १८८१ मध्ये अमेरिकेत अशा दूरध्वनीचे पेटंट घेतले की ज्याच्या श्रवणयंत्रात लोहचुंबक नव्हता; दोन धातूच्या चकत्या होत्या आणि त्यांच्यातील विद्युत् आकर्षणाने ध्वनी उमटत असे. पुरेसा दाब मिळावा म्हणून त्यांनी प्रवर्तन वेटोळ्याचा उपयोग केला होता.

डॉल्बेअर यांच्या साधनाचे भवितव्य मात्र प्रयोगशाळेत नव्हे, तर न्यायालयात ठरले. बेल कंपनीने त्यांच्याविरुद्ध दावा लावला. श्रवणयंत्राची रचना पूर्णतः भिन्न आहे, हा डॉल्बेअर यांच्या बाजूचा युक्तिवाद टिकला नाही. बेल यांचा हक्क विशिष्ट यंत्रापुरता मर्यादित नसून, ध्वनीच्या आकाराप्रमाणे चढउतार होणाऱ्या विद्युत् प्रवाहाने बोलणे वाहून नेण्याच्या पद्धतीवर आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली व १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेल यांचे पेटंट उचलून धरले. स्थिरविद्युत् श्रवणयंत्राच्या वाटेतील पहिला अडथळा हा असा कायद्याचा होता. तथापि सर्व दोष न्यायालयाला देणे योग्य ठरणार नाही. त्या काळी विवर्धक उपलब्ध नव्हता. तारेवरून येणाऱ्या क्षीण संदेशातून शेकडो व्होल्ट दाब निर्माण करण्याचे साधन हाती नसताना धारित्राचा आवाज बारीक राहणे अटळ होते. बेल यांचे चुंबकीय श्रवणयंत्र अल्प दाबावर काम करीत असे, आणि हा त्याचा मोठा व्यावहारिक लाभ होता.

निर्वात नलिका आणि १९२५ ची निवड

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निर्वात नलिकेचा विवर्धक उपयोगात आला आणि परिस्थिती पालटली. आता क्षीण संदेश हवा तितका मोठा करणे शक्य झाले. जर्मनीतील फोग्ट, एंगल व मासोले या तिघा संशोधकांनी ‘ट्राय-एर्गॉन’ या नावाने बोलपटाची जी पद्धती विकसित केली तीत स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकाचा वापर होता. १७ सप्टेंबर १९२२ रोजी बर्लिनच्या अल्हाम्ब्रा चित्रपटगृहात या पद्धतीचे जाहीर प्रदर्शन झाले. बोलपटाच्या आरंभकाळातील एका महत्त्वाच्या प्रसंगी प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेला आवाज अशा रीतीने धारित्रातून आलेला होता.

तीन वर्षांनी अमेरिकेत निर्णायक घटना घडली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी, कर्ण्याशिवाय चालणारा चांगला ध्वनिक्षेपक कसा असावा याचा पद्धतशीर शोध घेतला. त्यांनी अनेक तत्त्वांची तुलना केली. त्यांत स्थिरविद्युत् तत्त्वही होते. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात चल वेटोळे व लहान शंकू असलेल्या ध्वनिक्षेपकाची रचना मांडली गेली. चल वेटोळ्याची कल्पना नवी नव्हती. एर्न्स्ट सीमेन्स यांनी १८७४ मध्ये आणि ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. राइस व केलॉग यांनी शंकूची अनुनाद कंप्रता हेतुतः खालच्या टोकाला नेऊन त्यावरील विस्तृत पट्ट्यात समान प्रतिसाद कसा मिळवावा हे दाखवून दिले. १९२६ मध्ये ही रचना विक्रीस आली आणि पुढे तीच प्रमाण ठरली.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. केलॉग यांनी स्थिरविद्युत् तत्त्व सोडून दिले नाही. १९२९ मध्ये त्यांनी मोठ्या पृष्ठभागाच्या स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकासाठी अर्ज केला व १९३४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. मोठ्या पटलाचे लहान लहान भाग पाडण्याची कल्पना त्यात होती. म्हणजे ज्यांनी चल वेटोळ्याला सिंहासनावर बसवले त्यांपैकी एकाला दुसऱ्या मार्गाचे आकर्षण अखेरपर्यंत होते. या आकर्षणाचे कारण समजून घेण्यासाठी दोन्ही रचनांचे भौतिकशास्त्र पाहणे आवश्यक आहे.

आकर्षण कशाचे होते?

चल वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकात बल एका लहानशा वर्तुळाकार रेषेवर, म्हणजे शंकूच्या मानेजवळ लागू होते. तेथून ते कागदी शंकूच्या कडेपर्यंत पोहोचावे लागते. खालच्या कंप्रतेला संपूर्ण शंकू एकसंध हलतो. पण कंप्रता वाढली की शंकूचे निरनिराळे भाग निरनिराळ्या दिशांनी थरथरू लागतात. शंकू, वेटोळे आणि त्यांचा आधार यांचे वस्तुमान मोजक्या ग्रॅमांपासून कित्येक दशक ग्रॅमांपर्यंत असते. ते हालचाल सुरू करताना आणि थांबवताना विलंब करते. तबल्यावरील थाप किंवा सतारीच्या तारेचा छेड यांसारख्या क्षणिक ध्वनींच्या बाबतीत हा दोष जाणवतो.

स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकात बल पटलाच्या प्रत्येक बिंदूवर सारखेच लागू होते. पटलाला स्वतःच्या कणखरपणावर विसंबून बल पुढे पोहोचवावे लागत नाही, त्यामुळे ते कितीही पातळ असू शकते. एक साधा हिशेब पाहू. ६ मायक्रोमीटर जाडीच्या पॉलिस्टर पापुद्र्याच्या एका चौरस मीटरचे वस्तुमान सुमारे ८.३ ग्रॅम भरते. तेवढ्याच क्षेत्रफळावरील हवेच्या केवळ ७ मिलिमीटर जाडीच्या थराचे वस्तुमानही तितकेच असते. ज्या हवेला हलवायचे त्या हवेहून पटल फारसे जड नाही, असा याचा अर्थ. शंकू हवेला ढकलतो तेव्हा आपली बहुतेक शक्ती स्वतःला हलवण्यात खर्च करतो. येथे मात्र हलवणारे आणि हलणारे जवळपास तुल्यबळ आहेत. ध्वनीच्या शुद्धतेच्या दृष्टीने याहून आदर्श स्थिती कल्पिणे कठीण आहे.

दोन अडथळे : वर्ग आणि पापुद्रा

तत्त्व इतके आकर्षक असताना ते तीन दशके का रखडले? पहिला अडथळा गणिताचा होता. धारित्राच्या दोन पट्टिकांतील आकर्षण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब धन असो वा ऋण, आकर्षण होतेच. त्यामुळे शुद्ध प्रत्यावर्ती दाब दिला तर पटल एका आवर्तनात दोनदा खेचले जाते व दुप्पट कंप्रतेचा ध्वनी उमटतो. संगीताच्या भाषेत सांगायचे तर, मध्य सप्तकातील षड्ज दिला असता तार सप्तकातील षड्ज ऐकू येईल. यावर उपाय म्हणून संदेशाबरोबर एक मोठा स्थिर दाब जोडला जाई. त्यामुळे मूळ स्वर मिळतो, परंतु वर्गाचा अंश पूर्णपणे जात नाही. मूळ स्वरात तार सप्तकाची भेसळ राहतेच, आणि आवाज मोठा करावा तसतशी ती वाढत जाते.

पटलाच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजूंना एकेक सच्छिद्र पट्टिका ठेवली आणि त्यांना परस्परविरुद्ध संदेश दिले, तर एक पट्टिका ओढते तेव्हा दुसरी ढिली सोडते व वर्गाचे अंश एकमेकांना छेदून जातात. ही ओढ-ढकल रचना विसाव्या दशकातच सुचलेली होती. पण तीही पटल मध्यस्थानी असेपर्यंतच अचूक राहते. पटल एका पट्टिकेकडे सरकले की त्या बाजूची धारिता वाढते, पटलावर अधिक भार धावून येतो, आणि आकर्षण अपेक्षेपेक्षा जास्त होते. मोठ्या हालचालींच्या वेळी, म्हणजे नेमक्या खर्जाच्या स्वरांत, विकृती पुन्हा डोके वर काढते.

या कोड्याची उकल आश्चर्यकारकरीत्या साधी आहे. पटलावरील दाब स्थिर ठेवण्याऐवजी त्यावरील भार स्थिर ठेवावा. दोन्ही बाह्य पट्टिकांतील अंतर ठरलेले असते; त्यांच्यातील संदेशाचा दाब भागिले अंतर म्हणजे विद्युत् क्षेत्र. या क्षेत्रात ठेवलेल्या भारावरील बल म्हणजे भार गुणिले क्षेत्र. भार बदलत नसेल तर हे बल केवळ संदेशाच्या दाबावर अवलंबून राहते; पटल मध्ये आहे की कडेला, याने काही फरक पडत नाही. वर्ग नाहीसा होतो आणि संबंध सरळ रेषेचा होतो. हे साधण्यासाठी पटलावर अतिशय उच्च रोधाचा लेप देतात. ५० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. लेपातून भार इकडून तिकडे वाहण्यास याहून कितीतरी अधिक काळ लागत असेल, तर ध्वनीच्या दृष्टीने भार गोठलेलाच राहतो. हार्वर्ड विद्यापीठातील फ्रेडरिक हंट यांनी १९५४ च्या आपल्या ‘इलेक्ट्रोअकूस्टिक्स’ या ग्रंथात या स्थिरभार पद्धतीचे विवेचन केले, आणि त्याच सुमारास ब्रिटनमध्ये पीटर वॉकर व डी. टी. एन. विल्यमसन याच दिशेने प्रत्यक्ष काम करीत होते.

दुसरा अडथळा पदार्थाचा होता. पटल पातळ हवे, हलके हवे, वर्षानुवर्षे ताण सहन करणारे हवे आणि हजारो व्होल्ट दाबाखाली न फाटणारे हवे. रबर, कागद, धातूचा वर्ख यांपैकी कशातही हे सर्व गुण एकत्र नव्हते. ताण टिकणे विशेष महत्त्वाचे, कारण भारित पटल ज्या पट्टिकेकडे किंचित झुकते तिच्याकडे आणखी ओढले जाते. पापुद्र्याचा ताणच त्याला मध्यस्थानी धरून ठेवतो. ताण सैल पडला की पटल पट्टिकेला चिकटलेच.

हा अडथळा ध्वनिशास्त्रज्ञांनी दूर केला नाही. १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कापड व्यवसायातील संस्थेत व्हिनफिल्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट हे बहुवारिक तयार केले. त्याचा धागा म्हणजे टेरिलिन; आपल्याकडील एका संपूर्ण पिढीने ज्याचे न चुरगळणारे सदरे वापरले तेच. त्याच पदार्थाचा पापुद्रा १९५० च्या दशकात मायलार, मेलिनेक्स अशा नावांनी बाजारात आला. स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकाला हवा असलेला पदार्थ अशा प्रकारे वस्त्रोद्योगाच्या गरजेतून मिळाला. संशोधनाचे लाभ कोठे प्रकटतील हे आधी सांगता येत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

हंटिंग्डनचा ध्वनिक्षेपक

पीटर वॉकर (१९१६–२००३) यांनी १९३६ मध्ये लंडनमध्ये अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. युद्धकाळात, १९४१ मध्ये ती हंटिंग्डन येथे हलली. ‘क्वॉड’ या नावाने तिचे विवर्धक ओळखले जात. ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात १९५५ मध्ये वॉकर यांनी लेखमाला लिहून विस्तृत पल्ल्याच्या स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकाचा सिद्धांत उघडपणे मांडला. आपले व्यावसायिक रहस्य दडवून न ठेवता त्यांनी आधी ते समानधर्मी अभियंत्यांच्या चिकित्सेसाठी खुले केले, ही गोष्ट विद्याव्यवहाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १९५७ मध्ये प्रत्यक्ष साधन विक्रीस आले. खोली तापवण्याच्या शेगडीसारखे दिसणारे, किंचित वक्र जाळीचे हे साधन घरगुती वापरासाठी संपूर्ण ध्वनिपल्ला स्थिरविद्युत् तत्त्वावर देणारे पहिले यशस्वी उत्पादन मानले जाते. मध्यभागी तार स्वरांची पट्टी, दोन्ही बाजूंना खर्जाची पटले अशी त्याची मांडणी होती. पहिल्याला सुमारे १,५०० व्होल्ट आणि दुसऱ्यांना सुमारे ६,००० व्होल्ट स्थिर दाब दिला जाई. त्याचे उत्पादन १९८५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे चालू राहिले.

अमेरिकेत याच काळात आर्थर जॅन्सन यांनी स्वतंत्रपणे काम केले. १९५३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. त्यांची आरंभीची साधने केवळ तार स्वरांसाठी होती व खर्जासाठी त्यांना चल वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाची जोड दिली जाई. १९६० च्या सुमारास ‘केएलएच नाइन’ या नावाने त्यांच्या रचनेचा पूर्ण पल्ल्याचा ध्वनिक्षेपकही निघाला.

वॉकर यांनी १९६३ मध्ये नव्या रचनेवर काम सुरू केले आणि ती तब्बल अठरा वर्षांनी, १९८१ मध्ये ‘ईएसएल-६३’ या नावाने बाजारात आली. मोठ्या सपाट पटलाचा एक दोष असतो. तार स्वर अरुंद झोतासारखे सरळ पुढे जातात व बाजूला बसलेल्याला ऐकू येत नाहीत. वॉकर यांनी पट्टिकांचे एककेंद्री वलयांत विभाजन केले आणि संदेश आधी मधल्या वर्तुळाला, मग विलंबाने क्रमाक्रमाने बाहेरील वलयांना दिला. तळ्यात खडा टाकल्यावर लहरी पसरतात तसा ध्वनी पटलावर पसरतो आणि ऐकणाऱ्याला तो पटलाच्या सुमारे ३० सेंटिमीटर मागील एका बिंदूतून येत असल्यासारखा भासतो. सपाट पृष्ठभागातून बिंदुस्रोत निर्माण करण्याची ही युक्ती ध्वनिशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहे. अमेरिकेतील मार्टिन-लोगन या कंपनीने १९८० च्या दशकात याच प्रश्नाला दुसरे उत्तर दिले. त्यांनी पटलच वक्र बनवले.

मर्यादा कोठे होती?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गणित सुटले, पदार्थ मिळाला, उत्पादन यशस्वी झाले. तरी स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपक मूठभर रसिकांच्या दिवाणखान्यापुरताच का राहिला? किंमत, आकार, उच्च दाबाची भीती ही कारणे खरीच आहेत. पण त्यांच्या मुळाशी निसर्गाने घातलेली एक मर्यादा आहे.

सामान्य दाबाची हवा दर मीटरला सुमारे ३० लक्ष व्होल्ट इतकेच विद्युत् क्षेत्र सहन करते. त्यापलीकडे ठिणगी पडते. या कमाल क्षेत्रात साठणारी ऊर्जा दर घनमीटरला सुमारे ४० जूल भरते. चुंबकाच्या फटीत एक टेस्ला इतके क्षेत्र सहज मिळते आणि त्याची ऊर्जा दर घनमीटरला सुमारे ४ लक्ष जूल असते. म्हणजे दहा हजार पट. बलाच्या भाषेत सांगायचे तर, एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या पटलावर स्थिरविद्युत् पद्धतीने जास्तीत जास्त सुमारे ४० न्यूटन बल लावता येते. एक टेस्ला क्षेत्रात १० मीटर तारेच्या वेटोळ्यातून ४ अँपिअर प्रवाह सोडला की तितकेच बल मिळते, आणि ते वेटोळे तळहातावर मावते. सभागृह, चित्रपटगृह, मोटारगाडी, रेडिओ संच यांपैकी कोणत्याही ठिकाणी जागा व शक्ती यांचा विचार करता निवड कोणत्या बाजूने होणार हे उघड आहे.

याला आणखी दोन मर्यादा जोडल्या पाहिजेत. पटल पुढे सरकते तेव्हा पुढील हवा दाबली जाते व मागील विरळ होते. खर्जाच्या लांब लहरी कडेवरून वळून एकमेकींना नष्ट करतात. म्हणून खर्ज हवा असेल तर पृष्ठभाग खूप मोठा लागतो, आणि पटलाची हालचाल पट्टिकांमधील काही मिलिमीटरच्या जागेपुरतीच मर्यादित असते. दुसरे असे की, विवर्धकाच्या दृष्टीने हे साधन म्हणजे शुद्ध धारित्र आहे. एक चौरस मीटर पटल व २ मिलिमीटर फट यांची धारिता सुमारे ४.४ नॅनोफॅरड होते. तिचा संरोध कंप्रतेबरोबर घटत जातो, आणि दाब चढवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून पाहिले असता वरच्या स्वरांना तो फारच कमी होतो. असा भार अनेक विवर्धकांना पेलवत नाही.

हवामानाचाही प्रश्न आहेच. भारित पटल धूळ ओढून घेते आणि दमट हवेत भार गळतो. आषाढ-श्रावणात सुवर्णपत्र विद्युत्‌दर्शीचा प्रयोग का फसतो, हे महाराष्ट्रातील भौतिकशास्त्राच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. कोकण किनाऱ्यावरील दिवाणखान्यात काही हजार व्होल्टचा भार महिनोन्‌महिने टिकवणे हे त्याच अडचणीचे मोठे रूप होय.

तेच तत्त्व, दुसरे क्षेत्र

याच तत्त्वाचा दुसरा अध्याय पाहिला म्हणजे चित्र पालटते. पटल हलवण्याऐवजी पटलाच्या हालचालीने धारितेत होणारा बदल मोजला तर धारित्र मायक्रोफोन तयार होतो. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील एडवर्ड वेन्टी यांनी असा मायक्रोफोन बनवून त्यावरील निबंध १९१७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध केला. ध्वनीची तीव्रता निरपेक्षपणे मोजण्याचे साधन हा त्यांचा हेतू होता. पुढे ध्वनिमुद्रणासाठी आणि मापनासाठी हाच प्रकार प्रमाण ठरला. येथे ऊर्जेची मर्यादा आड आली नाही, कारण मायक्रोफोनला हवा हलवायची नसते. त्याने केवळ वार्ता आणायची असते. शक्ती नंतर विवर्धक पुरवतो. हलक्या पटलाचा गुण शिल्लक राहिला आणि अल्प बलाचा दोष निरुपद्रवी ठरला.

पुढील पाऊल स्थिर भाराचे होते. चुंबकात जसे चुंबकत्व कायम राहते तसा विद्युत् भार कायम धरून ठेवणाऱ्या पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. जपानमधील मोतोतारो एगुची यांनी १९२० च्या सुमारास मेणापासून तो तयार केला होता. १९६२ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी पातळ बहुवारिक पापुद्र्याचा इलेक्ट्रेट मायक्रोफोन सिद्ध केला. बाहेरून उच्च दाब देण्याची गरज संपली आणि मायक्रोफोन स्वस्त झाला. ध्वनिफितीची यंत्रे, दूरध्वनी, श्रवणयंत्रे यांत त्याचा सर्वत्र प्रसार झाला. एकविसाव्या शतकात सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म मायक्रोफोन भ्रमणध्वनीत आले. त्यांचाही मोठा वर्ग धारित्र तत्त्वावरच चालतो. डॉल्बेअर यांच्या दोन चकत्यांचे तत्त्व अशा रीतीने दूरध्वनीत परतले. फक्त कानाच्या बाजूने नव्हे, तर तोंडाच्या बाजूने.

लहान प्रमाणावर ध्वनिनिर्मितीतही हे तत्त्व यशस्वी झाले आहे. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० च्या सुमारास स्थिरविद्युत् हेडफोन बाजारात आणले. कानाजवळील थोडीशीच हवा हलवायची असल्याने तेथे बलाची उणीव भासत नाही. जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने १९९१ मध्ये काढलेला ‘ऑर्फियस’ हा त्याच परंपरेतील. १९७८ मध्ये पोलरॉइड कंपनीने स्वतः अंतर मोजून भिंग जुळवणारा कॅमेरा काढला. त्यातील सोनेरी मुलामा दिलेला पापुद्रा सुमारे ५० किलोहर्ट्झचे अश्राव्य ध्वनिस्पंद सोडी आणि तोच पापुद्रा परतणारा प्रतिध्वनी ऐके. ध्वनिक्षेपक आणि मायक्रोफोन ही एकाच साधनाची दोन रूपे आहेत, याचा याहून सुटसुटीत दाखला मिळणार नाही. पुढे फिरत्या यंत्रमानवांना अडथळे ओळखता यावेत म्हणून प्रयोगशाळांनी हेच घटक मोठ्या प्रमाणावर वापरले.

फट मायक्रोमीटरच्या पातळीवर नेली की निसर्गाची मर्यादाही बदलते. फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिलेल्या नियमानुसार हवेत ठिणगी पडण्यास किमान सुमारे ३३० व्होल्ट लागतात, मग फट कितीही लहान असो. त्यामुळे अतिसूक्ष्म फटीत हवा नेहमीपेक्षा कितीतरी तीव्र क्षेत्र सहन करते, आणि क्षेत्र वाढले की बल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जे तत्त्व दिवाणखान्यात दुबळे ठरले ते सिलिकॉनच्या पृष्ठभागावर बलवान होते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेले सूक्ष्म धारित्र स्वनातीत घटक याच आधारावर उभे आहेत. अशा घटकांची हजारोंची जाळी एका चकतीवर असलेल्या ‘बटरफ्लाय आयक्यू’ या हातात मावणाऱ्या सोनोग्राफी यंत्राला २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, तत्त्वाची शुद्धता आणि साधनाचे यश या वेगळ्या बाबी आहेत. चल वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक अधिक शुद्ध होता म्हणून जिंकला नाही. अल्प दाबावर, लहान जागेत पुरेसे बल देतो म्हणून जिंकला. दुसरी गोष्ट, कोणतेही साधन एकट्याने घडत नाही. स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकाला न्यायालयाचा निकाल, निर्वात नलिका आणि कापडाच्या धाग्याचे रसायन या तिन्ही बाहेरच्या घटनांनी घडवले वा अडवले. म्हणूनच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, कायदा आणि वाणिज्य यांच्या अभ्यासकांनी एकमेकांच्या वर्गात डोकावण्याची गरज आहे.

तिसरी गोष्ट अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘पराभूत’ हा शब्द तत्त्वाला लावता येत नाही. तो फार तर विशिष्ट प्रमाणावरील, विशिष्ट काळातील, विशिष्ट उपयोगाला लावता येतो. वर्गात चल वेटोळ्याची आकृती काढताना तिच्याशेजारी दोन सच्छिद्र पट्टिका आणि मधला पापुद्रा यांची आकृतीही काढली, तर विद्यार्थ्याला ध्वनिक्षेपकाची एक रचना पाठ होण्याऐवजी रचनेची निवड कशी होते हे समजेल. आणि त्याच्या खिशातील भ्रमणध्वनीच्या मायक्रोफोनमध्ये, त्या दुसऱ्या आकृतीचे लघुरूप बहुधा आधीपासूनच काम करीत असते.